रेशीम कीटकांमधील रोगनिदान

रेशीम कीटकांमधील रोगनिदान म्हणजे तुती रेशीम कीटकाच्या अळ्या, कोष, पतंग आणि अंडी यांमधील विषाणूजन्य व इतर सूक्ष्मजीवजन्य संसर्ग ओळखण्याच्या पद्धती होत. या तपासणीचे दोन भाग पडतात. अंडी देणाऱ्या मादी पतंगांची, म्हणजे बीजसाठ्याची तपासणी अंडीपुंज निर्मिती केंद्रात केली जाते. संगोपनातील अळ्यांची तपासणी शेतकऱ्याच्या कीटक संगोपनगृहात होते. मातेकडून अंड्यात उतरणारा पेब्रिन हा रोग पहिल्या ठिकाणी अडवता येतो. ग्रासरीसारखे विषाणूजन्य रोग मुख्यतः संगोपनगृहात पसरत असल्याने त्यांचा बंदोबस्त दुसऱ्या ठिकाणी करावा लागतो. महाराष्ट्रातील तुती रेशीम उत्पादनात अग्रेसर असलेल्या बीड जिल्ह्यात या दोन्ही तपासण्यांना प्रत्यक्ष आर्थिक महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

तुती रेशीम कीटक, शास्त्रीय नाव बॉम्बिक्स मोरी, हा पूर्णपणे माणसावर अवलंबून असलेला पाळीव कीटक आहे. अंड्यातून बाहेर पडल्यापासून कोष विणेपर्यंत अळीला साधारण २५ ते २८ दिवस लागतात. या काळात ती चार वेळा कात टाकते व पाच अवस्थांमधून जाते. कोषातून बाहेर पडलेली मादी सुमारे ४०० ते ६०० अंडी घालते. एका मादीने घातलेल्या अंड्यांच्या समूहास अंडीपुंज म्हणतात. रेशीम व्यवसायात बियाण्याचे मोजमाप याच एककात होते. शेतकरी १००, १५० किंवा २०० अंडीपुंजांची मागणी नोंदवतो. शासकीय कागदपत्रांत या बियाण्याचा उल्लेख ‘रोगमुक्त अंडीपुंज’ असा केला जातो. यातील ‘रोगमुक्त’ हा शब्द प्रामुख्याने पेब्रिनपासून मुक्त या अर्थाने वापरला जातो. ते अंडीपुंज सर्व विषाणूंपासून मुक्त आहेत, असा त्याचा अर्थ नाही.

बीड जिल्ह्यातील स्थिती

बीड जिल्हा मराठवाड्याच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. जिल्ह्याच्या मध्यातून बालाघाटची डोंगररांग जाते, तर उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. वारंवार पडणारे अवर्षण आणि ऊसतोडणीसाठी होणारे हंगामी स्थलांतर ही जिल्ह्याची जुनी ओळख आहे. तुतीला उसापेक्षा पुष्कळ कमी पाणी लागते, एकदा केलेली लागवड अनेक वर्षे टिकते आणि वर्षातून अनेक पिके घेता येतात. या कारणांमुळे गेवराई, बीड, माजलगाव, केज, अंबाजोगाई आदी तालुक्यांत तुतीची लागवड वाढली. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेतून मिळणाऱ्या अनुदानाचाही तिला आधार मिळाला. पूर्वी येथील शेतकरी कोष विक्रीसाठी कर्नाटकातील रामनगर येथे नेत असत. २०१८ मध्ये जालना येथे आणि त्यानंतर बीड येथेही कोष खरेदीची बाजारपेठ सुरू झाली.

बीडचे हवामान मात्र रेशीम कीटकाला सदैव मानवणारे नसते. मोठ्या अळ्यांना सुमारे २४ ते २६ अंश सेल्सियस तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. उन्हाळ्यात जिल्ह्यातील तापमान ४० अंशांच्या पुढे जाते, तर हिवाळ्यात दिवस व रात्र यांच्या तापमानात मोठी तफावत पडते. येथे प्रामुख्याने पाळल्या जाणाऱ्या पांढऱ्या कोषांच्या दुबार संकर जाती उत्पादनात सरस असल्या, तरी उष्णता व रोग सहन करण्याची त्यांची क्षमता बहुवार देशी जातींपेक्षा कमी असते. संसर्ग सौम्य असला तरी प्रतिकूल हवामानात तो बळावतो.

नुकसान मोठे होण्यामागे रोगाची वेळ हेही एक कारण आहे. अळी आपल्या आयुष्यातील एकूण खाद्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक पाला पाचव्या अवस्थेत खाते, आणि ग्रासरीची लक्षणेही बहुधा याच अवस्थेत ठळक होतात. त्या वेळेपर्यंत तुतीची बाग रिकामी झालेली असते, मजुरी खर्ची पडलेली असते आणि कोष हाती येण्यास केवळ काही दिवस उरलेले असतात.

प्रमुख रोग व त्यांचे कारक

ग्रासरी. हा रोग बॉम्बिक्स मोरी न्यूक्लिओपॉलिहेड्रोव्हायरस या विषाणूमुळे होतो. बॅक्युलोव्हायरस कुळातील या विषाणूत दुहेरी धाग्याचा डीएनए असतो आणि त्याच्या जनुकसंचाची लांबी सुमारे १ लाख २८ हजार बेस जोड्या आहे. संसर्ग झालेल्या पेशींच्या केंद्रकात प्रथिनांचे बहुपृष्ठीय स्फटिक तयार होतात व त्यांच्या आत विषाणूकण बंदिस्त असतात. काही मायक्रोमीटर आकाराचे हे स्फटिक साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. प्रथिनांच्या या कवचामुळे विषाणू धुळीत व संगोपनगृहाच्या फटींत दीर्घकाळ टिकून राहतो. अळीने तो पाल्यासोबत खाल्ला की तिच्या अल्कधर्मी मध्यांत्रात कवच विरघळते आणि विषाणू मोकळा होतो. रोगट अळीची त्वचा ताणलेली व चकचकीत होते, शरीराच्या वलयांमधील भाग फुगतो, ती कात टाकत नाही आणि रॅकच्या कडेने अस्वस्थपणे फिरत राहते. त्वचा फाटताच दुधासारखा पांढरा द्रव बाहेर येतो. या द्रवात स्फटिकांची संख्या प्रचंड असते आणि तो सांडलेला पाला खाणाऱ्या अळ्यांना लागण होते.

फ्लॅचरी. अळी मलूल होणे, पाला न खाणे, पातळ विष्ठा होणे आणि शरीर लिबलिबीत होणे अशी लक्षणे असणाऱ्या अनेक विकारांना हे एकच नाव दिले जाते. त्यामागे जिवाणू, विषाणू किंवा दोन्ही असू शकतात. सांसर्गिक फ्लॅचरीचा आरएनए विषाणू आणि डेन्सोव्हायरस हे दोन्ही मध्यांत्राच्या पेशींवर हल्ला करतात. त्यांच्या संसर्गात स्फटिक तयार होत नसल्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाने त्यांचे निदान होत नाही. पेशीद्रव्यात स्फटिक निर्माण करणारा सायटोप्लाझ्मिक पॉलिहेड्रोसिस विषाणूही मध्यांत्रातच वाढतो. त्याच्या संसर्गात आतडे पांढरट दिसते.

पेब्रिन. हा विषाणूजन्य रोग नाही. नोसेमा बॉम्बिसिस हा बुरशीशी नाते असलेला मायक्रोस्पोरिडिया गटातील एकपेशीय परजीवी त्यास कारणीभूत असतो. त्याचे बीजाणू अंडाकृती, चमकदार आणि सुमारे ३ ते ४ मायक्रोमीटर लांब असतात. पेब्रिनचे वैशिष्ट्य असे, की संसर्गित मादीच्या अंडाशयातून हा परजीवी थेट अंड्यात प्रवेश करतो आणि अळी जन्मतःच रोगी असते. अशी अळी विष्ठेवाटे बीजाणू बाहेर टाकते व त्यांनी दूषित झालेल्या पाल्यामुळे शेजारच्या निरोगी अळ्यांनाही लागण होते.

बीजसाठ्याच्या तपासणीचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पेब्रिनने युरोपातील रेशीम व्यवसाय उद्ध्वस्त केला. फ्रान्समधील कोषांचे उत्पादन १८५३ मधील सुमारे २६ हजार टनांवरून १८६५ मध्ये सुमारे ४ हजार टनांवर आले. रसायनशास्त्रज्ञ जाँ-बातिस्त द्युमा यांनी आपले शिष्य लुई पाश्चर यांना या प्रश्नाचा अभ्यास करण्यास सांगितले. पाश्चर यांना रेशीम कीटकांचा पूर्वानुभव नव्हता. १८६५ पासून त्यांनी दक्षिण फ्रान्समधील आलेस परिसरात संशोधन केले आणि १८७० मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

रोगी अळ्यांवर उपचार शोधण्याऐवजी पाश्चर यांनी अंड्यांची निवड करण्याचा मार्ग सुचवला. प्रत्येक मादीला स्वतंत्रपणे अंडी घालू द्यायची, नंतर ती मादी कुटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची आणि बीजाणू आढळल्यास तिची सर्व अंडी जाळून टाकायची, असे या पद्धतीचे स्वरूप होते. पेब्रिन आणि फ्लॅचरी हे दोन वेगळे रोग आहेत, हेही त्यांनी याच काळात दाखवून दिले. भारतात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये नित्यगोपाल मुखर्जी यांनी या पद्धतीचा पुरस्कार केला. आजही रेशीम कीटकांच्या बीजनिर्मितीचा पाया हीच पद्धत आहे.

मादी पतंगांची तपासणी

अंडीपुंज निर्मिती केंद्रास ग्रेनेज असेही म्हणतात. महाराष्ट्रात कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज येथे असे शासकीय केंद्र आहे. राज्यातील रेशीम विकासाचे काम नागपूर येथील रेशीम संचालनालयामार्फत चालते. व्यावसायिक संकर अंडीपुंज तयार होण्यापूर्वी मूळ जातींचे बीज टप्प्याटप्प्याने गुणित केले जाते आणि प्रत्येक टप्प्यावर तपासणी होते. वरच्या टप्प्यांवर प्रत्येक मादी तपासली जाते, कारण तेथील एका चुकीचे परिणाम पुढील सर्व पिढ्यांवर होतात.

तपासणीत मादीचे उदर खलबत्त्यात पोटॅशियम कार्बोनेटच्या सुमारे ०.६ टक्के द्रावणासह कुटतात. या द्रावणामुळे चरबी व पेशींचे अवशेष मोठ्या प्रमाणात विरघळतात, परंतु बीजाणू शाबूत राहतात. त्या मिश्रणाचा थेंब काचपट्टीवर घेऊन सुमारे ६०० पट वर्धनाखाली पाहतात. मोठ्या संख्येने माद्या तपासायच्या असतील, तर जपानमध्ये विकसित झालेली सामूहिक पद्धत वापरतात. तीत अनेक माद्या एकत्र कुटून, मिश्रण गाळून ते अपकेंद्रण यंत्रात फिरवतात आणि तळाशी बसलेला साका तपासतात. बीजाणू पूर्ण तयार होण्यास वेळ लागतो. घाईने तपासलेल्या मादीत रोग असूनही बीजाणू न दिसण्याची शक्यता असते. म्हणून माद्यांना अंडी घातल्यानंतर काही दिवस ठेवून मग तपासण्याची रीत रूढ झाली.

तपासणी किती माद्यांची करावी, हा प्रश्न संभाव्यतेच्या गणिताचा आहे. एखाद्या साठ्यातील १ टक्का माद्या रोगी असतील आणि त्यांतील १०० माद्या यदृच्छया निवडून तपासल्या, तर एकही रोगी मादी न सापडण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के राहते. ३०० माद्या तपासल्यास ती सुमारे ५ टक्क्यांवर येते. रोगाचे प्रमाण ५ टक्के असल्यास तेवढ्याच खात्रीसाठी सुमारे ६० माद्या पुरतात. म्हणजेच रोग जितका विरळ, तितका तो नमुना तपासणीतून निसटण्याचा धोका अधिक असतो.

निवडलेली अंडी २ टक्के फॉर्मॅलिनच्या द्रावणात निर्जंतुक केली जातात. त्यामुळे कवचावर चिकटलेले बीजाणू व विषाणू नष्ट होतात. अंड्याच्या आतील संसर्गावर मात्र या प्रक्रियेचा परिणाम होत नाही.

विषाणूंचे निदान

विषाणूंच्या निदानासाठी तीन प्रकारच्या पद्धती वापरल्या जातात.

सूक्ष्मदर्शकीय तपासणी. ही पद्धत स्वस्त व जलद असून ग्रासरीसाठी उपयुक्त आहे. अळीच्या पायाला टोचून काढलेल्या रक्तद्रवाच्या थेंबात स्फटिक दिसतात. चरबीचे गोलक कधीकधी स्फटिकांसारखे भासतात. सुदान-३ या रंगद्रव्याने चरबी रंगते व स्फटिक रंगत नाहीत, यावरून फरक ओळखता येतो. स्फटिक तयार होण्यापूर्वीचा संसर्ग या पद्धतीने कळत नाही.

प्रतिपिंडांवर आधारित चाचण्या. विशिष्ट विषाणूच्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे वापरून एलायझा, लॅटेक्स कणांची चाचणी किंवा पट्टीवरील चाचणी केली जाते. स्फटिक न बनवणाऱ्या विषाणूंसाठीही या चाचण्या उपयोगी पडतात. पट्टीवरील चाचणीचा निकाल प्रयोगशाळेबाहेरही पाहता येतो.

जनुकीय चाचण्या. पीसीआर चाचणीत विषाणूच्या जनुकसंचातील ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती तयार करून त्याचे अस्तित्व ओळखतात. आरएनए विषाणूंच्या बाबतीत आधी आरएनएचे डीएनएमध्ये रूपांतर करावे लागते. लॅम्प या पद्धतीत ही प्रक्रिया एकाच स्थिर तापमानावर होते, त्यामुळे तापमान बदलणारे महागडे यंत्र लागत नाही. बाह्यतः निरोगी दिसणाऱ्या कीटकातील अल्प संसर्गही या चाचण्यांत सापडतो. मात्र मृत, निष्प्रभ विषाणूचे जनुकीय अवशेषही होकारार्थी निकाल देऊ शकतात, हे लक्षात घ्यावे लागते.

जनुकीय चाचण्यांमुळे एका जुन्या समजुतीचा फेरविचार झाला. ग्रासरीचा विषाणू केवळ दूषित पाला व संगोपनगृह यांतूनच पसरतो, असे दीर्घकाळ मानले जात होते. नागपूर विद्यापीठातील संशोधकांच्या सहभागाने झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, संसर्ग होऊनही पतंगावस्थेपर्यंत पोहोचलेल्या कीटकांकडून हा विषाणू पुढील पिढीकडे जाऊ शकतो, असे आढळले. तरीही प्रसाराचा मुख्य मार्ग संगोपनगृहातील दूषितीकरण हाच आहे.

संगोपनगृहातील निदान व प्रतिबंध

पहिल्या दोन अवस्थांतील अळ्या बहुधा चॉकी केंद्रांत वाढवल्या जातात आणि दुसरी कात टाकल्यानंतर शेतकऱ्याकडे येतात. या टप्प्यावर अळ्यांची वाढ असमान असणे, काही अळ्या मागे राहणे किंवा कात उशिरा टाकणे हे संसर्गाचे पहिले संकेत असतात. अशा मागे राहिलेल्या अळ्या प्रथम तपासल्यास रोग लवकर हाती लागतो.

रोग आणि विषबाधा यांतील फरक ओळखणे आवश्यक असते. शेजारच्या कापूस वा भाजीपाल्यावर फवारलेले कीटकनाशक तुतीच्या पाल्यावर उडाल्यास अळ्या हिरवट द्रव ओकतात, वळवळतात आणि त्यांतील बहुसंख्य अळ्या थोड्याच वेळात एकाच वेळी आजारी पडतात. विषाणूजन्य रोग तुरळक अळ्यांपासून सुरू होऊन काही दिवसांत वाढत जातो. दोहोंचे उपाय भिन्न आहेत. विषबाधेत पाला बदलावा लागतो, तर रोगात निर्जंतुकीकरण करावे लागते.

रेशीम कीटकाच्या विषाणूजन्य रोगांवर लागण झाल्यानंतर देता येईल असा प्रभावी उपचार उपलब्ध नाही. म्हणून निदानाचा उपयोग रोगी अळी बरी करण्यासाठी नसून उरलेले पीक व पुढील पीक वाचवण्यासाठी होतो. रोगट अळ्या हाताने न चिरडता चिमट्याने उचलून चुन्याच्या किंवा ब्लीचिंग पावडरच्या द्रावणात टाकतात व नंतर पुरतात. प्रत्येक पिकानंतर संगोपनगृह व साहित्य यांचे निर्जंतुकीकरण करतात, त्यासाठी ०.३ टक्के चुन्याच्या निवळीत २ टक्के ब्लीचिंग पावडरचे द्रावण वापरले जाते. कात टाकल्यानंतर अळ्यांवर निर्जंतुक भुकटी धुरळतात. गावात अनेक संगोपनगृहे जवळजवळ असतील, तर एकाने केलेला निष्काळजीपणा इतरांच्या पिकालाही भोवतो. त्यामुळे निर्जंतुकीकरण सर्वांनी एकाच वेळी करणे अधिक परिणामकारक ठरते.

नियमन व संशोधन संस्था

१९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या केंद्रीय रेशीम मंडळाच्या अखत्यारीत देशातील रेशीम संशोधन व मूळ बीजनिर्मिती चालते. मंडळाच्या कायद्यात २००६ मध्ये दुरुस्ती झाली आणि त्यानुसार २०१० मध्ये केंद्रीय रेशीम कीटक बीज विनियम लागू झाले. अंडीपुंज निर्माते, चॉकी केंद्रे आणि बीजकोष उत्पादक यांची नोंदणी तसेच बीजाचे प्रमाणीकरण यांची तरतूद त्यांत आहे. रोगनिदानाच्या संशोधनात म्हैसूर येथील केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि बंगळूर येथील रेशीम जैवतंत्रज्ञान संशोधन प्रयोगशाळा या संस्था कार्यरत आहेत. मराठवाड्यात परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात रेशीम संशोधन योजना चालते.

कोळंबी संवर्धनाशी तुलना

जनक साठ्याची तपासणी करून रोग रोखण्याचे हेच तत्त्व कोळंबी संवर्धनातही वापरले जाते. व्हाइट स्पॉट सिंड्रोम या विषाणूने १९९० च्या दशकात आशियातील कोळंबी शेतीचे मोठे नुकसान केले. हा विषाणू जनक कोळंबीकडून पिलांकडे तसेच पाण्यातून एका कोळंबीकडून दुसरीकडेही जातो. म्हणून जनक कोळंबी, तिची पिले आणि तळ्यात सोडायचे बीज अशा तिन्ही टप्प्यांवर पीसीआर तपासणी करतात. २००९ मध्ये भारतात व्हेनामी कोळंबीच्या संवर्धनास परवानगी देताना विशिष्ट रोगमुक्त जनक साठाच आयात करण्याची अट घालण्यात आली. हा साठा चेन्नईजवळील नीलांकरै येथील विलगीकरण केंद्रात तपासला जातो. कोळंबीची वाढ खुंटवणारा ईएचपी हा परजीवीही पेब्रिनच्या कारकाप्रमाणे मायक्रोस्पोरिडिया गटातील आहे.

दोन्ही व्यवसायांत एक महत्त्वाचा फरक आहे. रेशीम कीटकाची मादी अंडी घातल्यानंतर निरुपयोगी होते, त्यामुळे तिला कुटून तपासता येते. जनक कोळंबी मौल्यवान असते व तिच्यापासून अनेकदा अंडी घेतली जातात. म्हणून तिला न मारता तिच्या पोहण्याच्या पायाचा छोटा तुकडा तपासणीसाठी घेतात.

मर्यादा

अंडीपुंजांवरील रोगमुक्ततेचा दाखला हा तपासलेल्या रोगापुरता आणि तपासणीच्या क्षणापुरता असतो. वाहतुकीतील उष्णता, चॉकी केंद्रातील अस्वच्छता आणि संगोपनगृहात मागील पिकातून उरलेला विषाणू यांमुळे निरोगी बियाण्याचे पीकही रोगास बळी पडू शकते. उलटपक्षी, संगोपनगृह कितीही स्वच्छ असले तरी अंड्यातून आलेले पेब्रिन तेथे रोखता येत नाही. त्यामुळे पीक बुडाल्यावर मृत अळ्यांची तपासणी करून कारण निश्चित करणे आवश्यक ठरते. दोष बियाण्यात होता की संगोपनगृहात, हे त्याशिवाय कळत नाही आणि पुढील पिकासाठी कोणती दक्षता घ्यावी हेही ठरवता येत नाही.